वरच्या पायरीची कडी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे कार्यकारी संचालक माननीय गायधनीसाहेब, व्यासपीठावरचे सर्व सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि आपले मुख्य डिझाइन अधिकारी माननीय त्र्यंबकराव बोरस्तेसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या सिंधुवहिनी, अंबडच्या कारखान्यातले आणि सिन्नरहून खास बस करून आलेले माझे सहकारी, आणि वडे तळायचे सोडून दारात येऊन उभ्या राहिलेल्या कँटीनच्या मंगलाबाई, आपणा सर्वांना शुभांगी जेजुरकरचा मनापासून नमस्कार.

आपले सूत्रसंचालक संतोष यांनी माइक हातात देताना माझ्या कानात सांगितलं, "मॅडम, आवरतं घ्या, लोकांना भूक लागलीय." बरोबर आहे त्यांचं. यादीत मी अगदी शेवटची. माझ्याआधी हिशेब विभाग बोलला, खरेदी विभाग बोलला, युनियन बोलली, ज्यांचा साहेबांशी फक्त पार्किंगवरून संबंध आला तेही बोलले. माझी तक्रार नाही. साहेबांनी आणि मी जी वर्षं बरोबर काम केलं, त्या कामाचा विषयच मुळी हा होता. सगळ्यांना एकदम बोलायचंय, वाट एकच आहे, तर आधी कोणी बोलायचं?

गायधनीसाहेब, आपण कंपनीत नंतर आलात, आणि इथं बसलेल्या नव्या मंडळींनाही जुन्या गोष्टी ठाऊक नाहीत, म्हणून थोडं मागं जाते. मी इथं लागले एक्याण्णव साली. तेव्हा आपण वायरलेस सेट बनवायचो, साखर कारखान्यांसाठी आणि जंगल खात्यासाठी. डिझाइन विभागात मी एकटी बाई. पहिल्या दिवशी कोणी विचारलं, "टायपिंगची जागा भरली का?" तेव्हा पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "ओ, इंजिनियर हाय ती. सोल्डरिंग तुमच्यापेक्षा बरं करील." तो आवाज बोरस्तेसाहेबांचा होता. तेव्हा ते साहेब नव्हते. मी त्यांना दादा म्हणायचे आणि ते मला ताई म्हणायचे. माझ्यापेक्षा कितीतरी मोठे, तरी ताई. पिंपळगावच्या माणसाची ती रीतच आहे, असं सिंधुवहिनी म्हणायच्या. वहिनींच्या हातची शेंगदाण्याची चटणी मी किती वर्षं खाल्ली असेल! वहिनी, तुमच्याबद्दल माझ्या मनात आजही काही नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकताना ते लक्षात असू द्या.

मग दोन हजारच्या सुमाराला आपल्याला विमानतळाचं काम मिळालं. कुठला विमानतळ ते सांगत नाही, उगाच कोणाला बोल नको. काम असं होतं. विमान उतरलं की जमिनीवर एकच धांदल उडते. इंधनाची टाकी धावते, जिना लावणारे धावतात, सामानाच्या गाड्या, जेवणाच्या गाड्या, सफाईवाले, आणि वेळ आलीच तर अग्निशमन आणि रुग्णवाहिका. प्रत्येकाकडे आपलं छोटं यंत्र. त्या यंत्रातून बोलणं जात नाही, डेटा जातो. कुठल्या पेटीचा टॅग वाचला, कुठल्या विमानाला किती इंधन हवं, कुठल्या दरवाज्याशी यायचं. आणि हे सगळं एकाच अरुंद वायरलेस चॅनलवरून. चारही बाजूंनी गाड्या आल्यावर द्वारका चौकाचं काय होतं, हे नाशिककरांना मी काय सांगू?

तर आधी कोणाला सोडायचं? इंग्रजी पुस्तकं चाळून आम्ही दमलो. शेवटी मी माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. आमचा मळा मखमलाबादला. माझे वडील गोटीराम जेजुरकर, फुलं, भाजीपाला आणि थोडा कांदा करायचे. टेम्पो भरताना त्यांचा नियम ठरलेला. कांदा सगळ्यात खाली, त्यावर मेथी-कोथिंबीर, सगळ्यात वर फुलांच्या पाट्या. बाजारात पोचलं की आधी फूल उतरलं पाहिजे. कोणी घाई करायला लागलं की म्हणायचे, "कांद्याला काय व्हतंय? बसंल तो गप. फुलाला येळ नाय."

दादा टेबलावर हात आपटून म्हणाले, "बास! झालं आपलं नेटवर्क." त्या दिवसापासून आमच्या फळ्यावर तीन पायऱ्या निघाल्या. वरची पायरी फुलाची, तिथं फक्त आग, अपघात, रुग्णवाहिका. मधली भाजीची, तिथं इंधन, जिना, हवामान. खालची कांद्याची, तिथं पेट्यांचे टॅग, जेवणाच्या ट्रेची मोजदाद, असलं सगळं. विमानतळाचे मोठे अधिकारी पाहणीला आले तेव्हा फळ्यावर फूल, भाजी, कांदा बघून एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना वाटलं कँटीनचा फळा असेल. हसताय काय मंगलाबाई, खरंच!

पण खरी अक्कल यानंतरची आहे, आणि ती माझी नाही. ती बोरस्तेसाहेबांची. हे मी आज भर सभेत सांगते, कारण हे सांगायला नंतर कोणी तयार नव्हतं. पिंपळगावच्या कांदा बाजारात वाढलेला माणूस तो. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन मला म्हणाले, "ताई, तुझ्या बापाचं समदं बरोबर हाय, पण कांद्याचं काय? रोज फुलं येत राहिली, रोज भाजी येत राहिली, तर कांदा टेम्पोतच कोंब फोडंल की! लय थांबला त्याला एक पायरी वर घे." किती साधी गोष्ट, आणि किती मोठी! खालचा संदेश ठरावीक काळ थांबला की आपोआप भाजीच्या पायरीवर चढायचा. म्हणजे गरिबाच्या पेटीचा टॅगसुद्धा कधीतरी पोचणारच. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. आपल्याबरोबर काम करणारा माणूस आपल्यापेक्षा चांगला विचार करतो, याच्यासारखं सुख नाही.

मी फक्त एक भर घातली. मी म्हटलं, दादा, चढू दे, पण फुलाच्या पायरीला आतून कडी हवी. कांदा कितीही थांबला तरी फुलाच्या पायरीवर नाही चढणार. रुग्णवाहिकेच्या पुढं पेटी नाही जाणार, कधीच नाही. ते म्हणाले, "अगं, हे सांगायला पायजे का?" प्रोग्राममध्ये ती एक ओळ मी लिहिली, त्यांनी वाचली, आणि आम्ही दोघं तिला कडीच म्हणायचो. त्या प्रोग्रामला हात लावायची मुभा आम्हा दोघांनाच होती. तिसऱ्या कोणाला नाही. हे ध्यानात ठेवा.

संतोष, घड्याळ दाखवू नका. माझ्याकडेही आहे.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात त्या विमानतळावर रंगीत तालीम ठरली. विमान घसरलंय असं समजायचं, लोक जखमी आहेत असं समजायचं, आणि सगळ्या यंत्रणा धावतात कशा ते बघायचं. भर गर्दीची दुपार मुद्दाम निवडलेली. एकामागून एक विमानं उतरलेली, पेट्यांचे ढीग लागलेले. जखमी म्हणून तिथल्याच एका कर्मचाऱ्याला अंगाला लाल रंग फासून धावपट्टीच्या कडेला निजवलं होतं. इशारा वाजला. अग्निशमन निघालं. रुग्णवाहिकेनं विचारलं, कुठल्या दरवाज्यानं येऊ? आणि उत्तर येईना. रुग्णवाहिका चुकीच्या दरवाज्याशी उभी, आणि आमच्या पडद्यावर पेट्यांचे टॅग चाललेत एकामागून एक, वरच्या पायरीवरून, फुलाच्या पायरीवरून! शेवटी तो जखमी माणूसच उठून बसला आणि म्हणाला, उन्हानं मरेन मी, मला चहा द्या. लोक हसले. मला हसू आलं नाही. तो रंग होता म्हणून, नाहीतर?

मी प्रोग्राम उघडून बघितला. कडी नव्हती. ती ओळच काढून टाकलेली.

मी लिहिली होती, मी काढली नव्हती. राहिलं कोण? मी सरळ दादांकडे गेले. ते विमानतळाच्या उपाहारगृहात एकटे बसले होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "हो ताई, मीच काढली. तो सामानाचा ठेकेदार जीव खात होता. टॅग अडकतात, टॅग अडकतात म्हणून बोंबलत होता. आपलं पुढचं काम त्याच्या शब्दावर हाय. म्हटलं, तालमीपुरती काढू, मग घालू." मी रागावले. पण खोटं कशाला बोलू, मला त्यांची कीवही आली. चूक कोणाच्या हातून होत नाही? मी एवढंच विचारलं, "दादा, चौकशी होईल. तुम्ही सांगाल ना?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ताई, तू बिनघोर रहा. मी हाय ना."

चौकशी झाली. याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, संदेश वर चढवण्याचा हा भाग कोणी केला? मी बोरस्तेसाहेबांकडे बघितलं. ते खिडकीकडे बघत होते. बाहेर काही नव्हतं हो, समोर पाण्याची टाकी आहे नुसती. आणि ते म्हणाले, "तो भाग शुभांगीबाईंकडे होता."

बारा वर्षं ताई, आणि त्या खोलीत बाई.

मी सांगायचा प्रयत्न केला, पण सांगू काय? दादा खोटं बोलतायत, असं म्हणू? माझ्या तोंडून ते शब्द निघेनात. आणि निघाले असते तरी ऐकतं कोण? त्यांचं वय, त्यांचा मान, आणि मी डिझाइनमधली एकटी बाई. फसवणूक झाल्यासारखं वाटलं, असं लोक म्हणतात. मला वाटलं नाही, मला फसवलंच. आणि ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला त्यानं फसवलं, याचं दुःख मला आजही आहे, इथं उभी असताना आहे, हा हार घातलेला बघताना आहे. त्यानंतर माझी सिन्नरला बदली झाली, तयार माल तपासायला. रोज सकाळी बस, मोहदरीचा घाट, आणि दिवसभर यंत्रं लावून बघायची. इकडे साहेब मुख्य अधिकारी झाले. कांदा वर चढवायच्या त्यांच्या युक्तीला दिल्लीला पारितोषिकही मिळालं. तेव्हा मात्र तो भाग त्यांचा होता! चांगलं झालं, युक्ती त्यांचीच होती, मी मघाशीच सांगितलं.

वहिनी, रडू नका. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, हे मला ठाऊक आहे. साहेब, तुम्ही पाणी घ्या.

मी हे सगळं पोटात ठेवलं असतं हो. माणूस ठेवतो. निरोपाच्या दिवशी हार, शाल, श्रीफळ, चार गोड शब्द, आणि घरी. मीही घरून निघताना गोड भाषण पाठ करून निघाले होते. त्यात साहेबांच्या बागेतल्या जाईचा उल्लेख होता, त्यांच्या स्कूटरचा होता, ती ढकलायला आम्हाला लावायचे त्याचा होता. तोही सांगितला असता. पण काल सिन्नरला नव्या विमानतळाचा माल तपासायला लावला. मी माझ्या सवयीनं आधी पेट्यांचे टॅग सोडले, भरपूर, आणि मग रुग्णवाहिकेचा एक संदेश सोडला. तो थांबला. टॅगच्या मागं उभा राहिला.

चार वर्षं झाली, कडी अजून लावलेली नाही.

का नाही लावली? ज्यांना कळलं असेल त्यांना कळलं. कडी परत घालायची तर आधी ती कोणी काढली हा प्रश्न येतो. माझ्याकडून राहून गेली म्हणावं, तर जुन्या प्रती निघतात आणि तिथं ती ओळ बसलेली दिसते. म्हणून गप्प बसायचं. मी साहेबांना आधीही विचारलं होतं. पहिल्या विमानतळावर तरी लावलीत का, म्हणून फोन केला होता, तर म्हणाले, बघू. दिवाळीला भेटले तेव्हा म्हणाले, आता नको, जुनं उकरू नको. मला वाटलं, मला टाळतायत पण काम केलं असेल. एवढा मोठा इंजिनियर, एवढं तरी केलं असेलच. मी दुसऱ्यांदा फसले, ती इथं. आणि पहिल्यापेक्षा हे जास्त लागलं. मला दगा दिला तो माझ्यापुरता. पण ज्या कामावर आम्ही दोघांनी जीव लावला, त्या कामालाही माणूस दगा देतो?

काल दुपारीच मी गायधनीसाहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल आभार. साहेब म्हणाले, डिझाइनमधला बदल मुख्य डिझाइन अधिकाऱ्याच्या सहीशिवाय होत नाही, बोरस्तेसाहेबांची सही आणा. नियम आहे, बरोबर आहे. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. ते निरोपाचे फोटो काढून घेण्यात गुंतले होते. आज सकाळी मी परत गेले, तर साहेब सत्काराची शाल पसंत करायला गेले होते. नवे अधिकारी पुढच्या महिन्यात येणार. सिन्नरला माल खोक्यांत भरून तयार आहे आणि उद्या सकाळी टेम्पो लागणार. तिकडच्या विमानतळावर जखमी माणूस लाल रंग फासलेलाच असेल, असं मला कोणी लिहून देईल का?

तर, माननीय त्र्यंबकराव बोरस्तेसाहेब. तुमचाच नियम आहे. लय थांबला त्याला एक पायरी वर घ्यायचं. मी चार वर्षं थांबले, यादीत शेवटी थांबले, आता माझी पायरी वर आली आहे असं समजते. मला माझं नाव नको. पारितोषिक नको, सिन्नरहून परत बदली नको, माफीसुद्धा नको. माफी मागायची तर ती त्या चुकीच्या दरवाज्याशी उभ्या राहिलेल्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरची मागा. आज संध्याकाळी ऑफिस सुटेपर्यंत तुम्ही मुख्य अधिकारी आहात. ती एक ओळ मी परत लिहिली आहे. तीच, जुनी. खाली तुमच्या सहीची जागा सोडली आहे. कडी लावा आणि मग निवांत पिंपळगावला जा. जाईला पाणी घाला, नातवंडं खेळवा. मग मीसुद्धा तुम्हाला सुखानं निरोप देईन, देवाशपथ देईन.

काय म्हणालात? माइकवर या ना साहेब, मागं ऐकू गेलं नाही.

"ताई" म्हणालात.

ऐकलं मी. मंडळी, साहेब मला ताई म्हणाले. किती वर्षांनी! त्या चौकशीच्या दिवशी हा एक शब्द मिळाला असता, तर मी साहेबांसाठी नोकरीवर पाणी सोडलं असतं. आज तेवढ्यानं भागणार नाही, साहेब. ताई म्हणायला मला घरी सख्खे भाऊ आहेत. आज मला सही पाहिजे.

तेव्हा आता जास्त ताणत नाही. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, संतोषनं तीनदा खूण करूनही माइक काढून घेतला नाही, मंगलाबाईंनी माझ्यापायी एक घाणा करपवला, आणि आपण सर्वांनी भुकेल्या पोटी ऐकून घेतलं, याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. निरोपाच्या प्रसंगी कडू बोलले, वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढला, वहिनींच्या डोळ्यांत पाणी आणलं. या सगळ्याबद्दल मोठ्या मनानं मला क्षमा करा. माझं काही चुकलं असेल तर ते बोलण्यात चुकलं असेल, त्या ओळीत नाही.

संतोष, जेवणं वाढायला सांगा, पण पहिलं पान साहेबांचं नको. ते आधी इकडं येतील. साहेब, कागद माझ्याकडे आहे, आणि पेनही मी आणलं आहे.